पहिला घाणा काकींचा

अण्णा,

आज दुपारी वर्गात एका बाईने विचारलं, "ताई, माझा कपकेक फुगतो आणि मग मधोमध खाली बसतो, असं का होतं?" मी तिला तुमचंच वाक्य दिलं. बेकरीत भट्टीच्या तोंडाशी ताटकळलेल्या बायकांना तुम्ही म्हणायचात, "सारखं डोकावू नका, त्याला बी लाज वाटती." सगळ्या जणी हसल्या. मी मात्र उगाच ओट्याकडे तोंड करून फडकं पिळत राहिले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. अजून दर शनिवारी मी तुमची वाक्यं वापरते, तुमचा उल्लेख न करता. हे बरं की वाईट, ते मी आजवर ठरवलं नव्हतं. आज वर्ग संपता संपता असं काही झालं की ते ठरवायलाच हवं असं वाटतंय, म्हणून हे लिहायला बसले.

आधी तुम्हाला कपकेक म्हणजे काय ते सांगायला हवं. कागदाच्या लहान कपात भाजलेला, मुठीत मावेल एवढा केक. त्याच्या डोक्यावर क्रीमची वेटोळी घालतात. तुम्ही पाहिला असता तर नक्की विचारलं असतंत, ह्याला फेटा कुणी बांधला. मी मंचरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तो शिकवते. सहा जणी येतात. रस्त्यावरून कांद्याच्या गाड्या गेल्या की बोलणं थांबवावं लागतं, आणि मग थांबल्यावर प्रश्न सुरू होतात. प्रश्न फारसे बदलत नाहीत. कप किती भरायचा? दोन तृतीयांश, त्याच्यावर गेलात तर उतू जाऊन साच्याला चिकटेल. कागद सुटून का येतो? भाजून झाल्यावर तुम्ही तो गरम साच्यातच ठेवता, वाफ धरते, लगेच बाहेर काढा. क्रीम का वितळतं? केक गार व्हायच्या आधी घाई करता म्हणून; आणि एप्रिलच्या उन्हात भांडं, फेटणी, क्रीम सगळं आधी फ्रीजमध्ये हवं. कागदी कप कुठे मिळतात? पूर्वी पुण्याहून आणावे लागत, आता एसटी स्टँडमागच्या प्लॅस्टिकच्या दुकानात मिळतात, पण पातळ घेऊ नका, तूप बाहेर येतं.

बोरी बुद्रुकहून स्कूटीवर येणारी एक बाई आहे, ती नुसते प्रश्न विचारत नाही, भांडते. "ताई, यूट्यूबवाली म्हणती एकशेऐंशीवर वीस मिनिटं. आमच्याकडं वीस मिनिटांत लाईट दोनदा जाती, तिचं काय करू?" मी तिला सांगितलं, लाईट गेली तरी दार उघडू नका, आतली धग पुरते. त्या धगीबद्दल मला जे माहीत आहे ते कुठून माहीत आहे, हे मात्र सांगितलं नाही. सजावटीच्या तर तऱ्हा आहेत. ओझरच्या एका बाईंना मुलाच्या वाढदिवसाला प्रत्येक कपकेकवर गणपती हवा होता. मी विचारलं, "सोंडेला चावा कोण घेणार?" त्या विचारात पडल्या आणि मग जास्वंदीच्या फुलावर तयार झाल्या. एकीच्या मुलाला वर बिबट्या पाहिजे होता, तर बोरीची म्हणाली, "उसात काय कमी हायेत राव, आता केकवर बी बसवा."

आज एक नवीन मुलगी आली. मुलगी म्हणजे पंचविशीची, लग्न होऊन वर्षही झालं नसेल. बाजारपेठेतल्या कापडाच्या दुकानाचं नाव तिने सांगितलं आणि मी मैदा चाळता चाळता थांबले. ती काकींची नातसून. तिने पहिलाच प्रश्न विचारला, हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असा. "ताई, अंडं वापरत नाही ना तुम्ही? भांडी वेगळी आहेत ना?" मी म्हटलं, या घरात अंडं येतच नाही, दही आणि सोड्यावर सगळं होतं. हे खरं आहे. घर केलं तेव्हापासून मी ते पाळलं आहे. पण उत्तर देताना मी चाळलेलाच मैदा पुन्हा चाळायला घेतला.

तुम्हाला काकींची आठवण करून द्यायची गरज नाही. तरी लिहिते, कारण मला ती गोष्ट एकदा सलग लिहायची आहे, आणि आजवर प्रत्येक वेळी मी ती मध्येच सोडली आहे.

दिवाळीच्या आधी बेकरीत घरोघरच्या बायका आपापलं सामान घेऊन यायच्या. मैदा, रवा, साखर, तूप. तुम्ही मळून, थापून, भाजून नानकटाई त्यांच्याच डब्यात भरून द्यायचात आणि कुणाचं तूप कुणाच्या पिठात जाऊ द्यायचा नाहीत. बेकरीत अंडं नव्हतंच, मालकांनी तसा फलकच लावला होता. पण काकींना पावाच्या आंबवणाला लागलेला हातसुद्धा चालायचा नाही. त्यामुळे त्यांचं जे काही असेल ते दिवसाचं पहिलं. तुम्ही पहाटे अंघोळ करून धुतलेला सदरा घालायचात, फळी राखेने घासायचात, पहिला घाणा काकींचा काढायचात आणि त्यानंतरच पावाच्या पिठाला हात लावायचात. वर्षभरात असे किती दिवस यायचे, पण त्यातला एकही तुम्ही आळसाने टाळला नाहीत. काकींनी नातवाच्या वाढदिवसासाठी पुण्याहून पत्र्याचे बारा लहान साचे आणले होते, पाकळ्यापाकळ्यांचे, कड बाहेर दुमडलेली. ते तुमच्याकडे देताना त्या म्हणाल्या होत्या, "भाऊ, हे तुमच्या हातात देते. घरात मी सुनांनाही देत नाही." तुम्ही ते धुवट फडक्यात बांधून उंच खुंटीला टांगले होते. डोंगरातल्या भातखाचरांच्या गावातून आलेल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसावर बाजारपेठेतलं सगळ्यात कडक सोवळं पाळणारं घर एवढा विश्वास टाकतं, याचा तुम्हाला अभिमान होता. तुम्ही बोलून दाखवला नाहीत, पण त्या फडक्याची गाठ तुम्ही स्वतः मारायचात, दुसऱ्या कारागिराला मारू द्यायचा नाहीत.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. गॅदरिंगला खाद्यपदार्थांचे स्टॉल असायचे आणि बाकीच्या मुली भेळ, वडे, ढोकळा करणार होत्या. मला वेगळं काहीतरी करायचं होतं. एका मासिकात छोट्या केकची कृती आली होती, शेजारी फोटो होता, पाकळ्यांच्या आकाराचा. तो आकार मी कुठे पाहिला आहे हे मला लगेच आठवलं. रविवारी दुपारी बेकरी बंद असायची. माझं पुस्तक तिथे राहिलंय असं सांगून मी तुमच्याकडून किल्ली घेतली. मैत्रिणीकडून सहा अंडी घेतली होती, कागदात गुंडाळून. सकाळच्या पावाची धग भट्टीत होतीच. तुम्ही करायचात तसं मी भट्टीच्या तळावर चिमूटभर पीठ टाकलं, ते किती वेळात तांबूस होतं ते मोजलं आणि मला कळलं की जमेल. दोन घाण्यांत चोवीस झाले. सुंदर झाले अण्णा, हेही लिहायला हवं. मग मी नळाखाली साचे घासले, पुसले, त्याच फडक्यात बांधले आणि तुमच्यासारखी गाठ मारली.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी लहान होते, मला काय कळत होतं. एकोणीस वर्षांची होते. साचे कुणाचे ते माहीत होतं, त्यात अंडं म्हणजे काय तेही माहीत होतं. घासले की झालं, असं मी मानलं, कारण तसं मानणं सोयीचं होतं. तुमच्यासारखी गाठ मारली म्हणजे साच्यांना कुणी हात लावला हे तुम्हाला कळणार नाही, एवढी अक्कल मला होती.

सोमवारी गॅदरिंग झालं. मंगळवारी काकींच्या नातवाचा वाढदिवस होता; पहाटे तुम्ही त्याच साच्यांत त्यांचे केक भाजून दिले होते. त्या दिवशी दुपारी तुमचा डबा घेऊन मी बेकरीत आले, तुम्ही हात धूत होता, आणि काकी आत आल्या. त्यांच्या हातात स्टीलची ताटली होती, वर रुमाल. त्यांनी रुमाल बाजूला केला. अर्धा खाल्लेला केक होता आणि त्याच्या कडेला अंड्याच्या टरफलाचा नखाएवढा तुकडा. साच्याच्या दुमडलेल्या कडेत तो अडकून राहिला असणार. काकी ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "भाऊ, हे काय आहे ते मला तुम्हीच सांगा. सुनेला दिसलं. तोवर सगळ्यांनी खाल्लं होतं."

तुम्ही तो तुकडा बोटावर घेतलात. उजेडात धरून पाहिलात. मी तुमच्या मागे, डबा घेऊन, हाताच्या अंतरावर उभी होते. तुम्ही मागे वळला नाहीत.

"माझ्या हातनं झालं काकी," तुम्ही म्हणालात. "रविवारी मालक नव्हते. मीच करून बघितला अंड्याचा. खाऊन बघायची इच्छा झाली व्हती."

"तुम्ही?"

"व्हय."

"भाऊ, कुणावर पांघरूण तर घालत नाही ना?"

"न्हाई काकी. तुमच्याम्होरं कशाला खोटं बोलू."

काकींनी ताटली पुन्हा झाकली. त्या पायरी उतरून गेल्या. त्यांनी त्यानंतर तीन दिवस उपवास केला, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. त्यांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होतं. हे मला मैत्रिणीकडून कळलं आणि ते तीन दिवस मी घरी दोन वेळा जेवत होते.

मालकांनी दुसऱ्या दिवशी तुम्हाला काढलं. त्यांना काढावंच लागलं, फलक त्यांचा होता. आईने महिनाभर तुम्हाला ऐकवलं. "लई हौस आली व्हती केक खायची. या वयात. चोरून. पोरीच्या लग्नाचं वय झालं, आन ह्यांना अंडं पायजे." तुम्ही भाकरी मोडत राहायचात. एकदा फक्त म्हणालात, "चुकलं म्हणलं ना." मी ताटावर बसलेली असायची. आई गेली तीही तेच खरं मानून. मी कॉलेजपासून रोजनिशी लिहिते आहे, तुम्हाला माहीत आहे. त्या आठवड्याची पानं आज काढून पाहिली. सोमवारच्या पानावर आहे, "स्टॉल छान झाला, सगळे केक संपले, सरांनीही घेतला." बुधवारच्या पानावर, "अण्णांचं काम सुटलं." मंगळवारचं पान कोरं आहे.

तुम्ही नंतर नारायणगावच्या एका भट्टीवर लागलात. पहाटेच्या एसटीने जायचात. तिथे फक्त पाव होता, रात्रंदिवस पाव. कुणाचं तूप वेगळं ठेवायचं नव्हतं, पहिला घाणा कुणाचा हे पाहायचं नव्हतं. पहिले काही दिवस तुम्ही सवयीने धुतलेला सदरा घालून निघायचात. नंतर ते सोडलंत. छातीत धूर साचून तुम्ही गेलात असं डॉक्टर म्हणाले. मंचरच्या भट्टीतही धूर होताच, त्यामुळे मी त्याचा दोष स्वतःवर घेत नाही. निदान घेऊ नये असं स्वतःला सांगते.

आता आजचं. वर्ग संपल्यावर बाकीच्या गेल्या आणि ती नवीन मुलगी साचे पुसायला थांबली. बोलता बोलता म्हणाली, "आमच्या आजेसासू नेहमी सांगायच्या म्हणे, मंचरात एक बेकरीवाले भाऊ होते. आयुष्यात बाहेरचं खाल्लं ते फक्त त्यांच्या हातचं. त्यांच्याकडून एकदा मोठी चूक झाली. पण त्यांनी तोंडावर कबूल केलं, पोटासाठी सुद्धा खोटं बोलले नाहीत. सासरे अजून दुकानातल्या पोरांना ती गोष्ट सांगतात. कोण होते हो ते, तुम्हाला माहीत आहे?"

मी म्हटलं, "माझे वडील."

तिने हातातला साचा खाली ठेवला आणि मला वाकून नमस्कार केला, अण्णा. मी तिला धरायच्या आत. मग म्हणाली, "मग मी तुमच्याकडचं डोळे झाकून खाईन." आणि ताटातला एक कपकेक उचलून तिने माझ्यासमोर खाल्ला. ती बाहेरचं काहीच खात नाही, सुरुवातीलाच तसं सांगितलं होतं. वरचं क्रीम तिच्या ओठाला लागलं तर ती हसली. म्हणाली, घरी सांगते, सगळ्यांना आवडेल.

त्याच क्षणी सांगता आलं असतं. खोलीत दोघीच होतो. मी नॅपकिन पुढे केला.

तासभर मी स्वतःशीच वाद घालते आहे. तिला खरं सांगितलं तर त्या घरातून तुमच्यावरचा अंड्याचा डाग निघेल. पण मग तुम्ही काकींच्या तोंडावर, त्यांनी दोनदा विचारल्यावर, खोटं बोललात हेही सांगावं लागेल, आणि त्या घरात तुमच्याबद्दल जे उरलं आहे ते नेमकं तेवढंच आहे, की तुम्ही खोटं बोलला नाहीत. म्हणून तुमच्यासाठी गप्प राहावं, असं मी वर एका ओळीत लिहिलं होतं. ती ओळ मी खोडली. कारण माझ्या सहा जणींपैकी तिघी त्या घराच्या ओळखीतल्या आहेत, आणि नॅपकिन पुढे करताना माझ्या मनात तुम्ही नव्हता, त्या तिघी होत्या. पुढच्या शनिवारी तिला सगळं सांगेन, असंही लिहिलं होतं. तेही खोडलं आहे. मी नक्की काय करणार आहे ते मला माहीत नाही, आणि तुम्हाला तरी खोटं लिहायचं नाही.

इतकी वर्षं मी स्वतःची एक समजूत करून घेतली होती, की तुम्हाला कळलंच नसेल. तुम्ही स्वतःच्याच हाताची काही चूक समजलात, कुणा कारागिरावर येऊ नये म्हणून अंगावर घेतलीत. किल्ली माझ्याकडे होती हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत होतं, तरी मी ही समजूत टिकवली. टिकवायला एक गोष्ट विसरावी लागली, ती लिहून हे पान बंद करते. हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी माझा धीर झाला नसता.

नारायणगावला लागल्यावरचा दुसरा की तिसरा रविवार. मागच्या अंगणात आपण दोघं पावटे सोलत होतो. आई घरात नव्हती. तुम्ही शेंगेवरून नजर न उचलता विचारलंत, "अंड्याचा लई हलका व्हतो म्हणतात. खरं का गं?"

तुमच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. आयुष्यभर भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला जे जाणून घ्यावंसं वाटेल ते तुम्ही विचारत होता, आणि मला बोलायला जागा करून देत होता. मी म्हटलं, "मला काय माहीत."

तुम्ही म्हणालात, "बरं." आणि पुढची शेंग घेतलीत.

सगळ्या पेठेला तुम्ही सांगितलं होतं की तो केक तुम्ही केलात आणि खाल्लात. तुम्हाला त्याची चवसुद्धा माहीत नव्हती. खरं आहे अण्णा, हलका होतो. चोवीस केले होते मी. त्यातला एक तुमच्यासाठी मागे ठेवावा, असं मला सुचलं नाही.